नव्व्याण्णव ते पन्नास

रांगोळीच्या पुस्तकात प्रत्येक चित्राखाली एक बारीक ओळ छापलेली असते. ‘तेरा ते सात, मधले ठिपके.’ म्हणजे मधल्या ओळीत तेरा ठिपके मांडायचे आणि मग वर आणि खाली, दोन्हीकडे, एकेक कमी करत सातावर थांबायचं. ठिपके एकमेकांच्या डोक्यावर नाही द्यायचे, दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेत द्यायचे. तसं केलं की आपोआप सहा बाजूंचा आकार तयार होतो. आमच्या नेरच्या कॉलनीत हे लहान मुलींनाही सांगावं लागत नसे. मला सांगावं लागलं, कारण मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत जात होते आणि घरी असले की खोलीबाहेर फारशी येत नव्हते.

एका दिवाळीत आईनं ते शिकवलं आणि मी रांगोळी काढायची सोडून ठिपके मोजत बसले. एकशे सत्तावीस. कशानंही भाग जात नव्हता. मग ‘नऊ ते पाच’ मोजली. एकसष्ट, तिलाही भाग नाही. ‘सात ते चार’ची सदतीस, तिलाही नाही. ‘अकरा ते सहा’ची एक्क्याण्णव आली आणि ती सातानं फुटली, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

अशा संख्यांना मी प्राइम म्हणत होते. मराठीत मूळ संख्या म्हणतात, हेही आईकडूनच कळलं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कोणीच पुरतं भागू शकत नाही, ती मूळ संख्या. मला त्यांचा लळा होता. नेर-यवतमाळ एस.टी.त खिडकीशी बसून मी समोरून येणाऱ्या ट्रकचे नंबर भागून बघायची. ओठ हलत असावेत. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईला वाटलं, पोरगी जप करते आहे. उतरताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

मंडपापुढच्या मोठ्या रांगोळीची गोष्ट मी अकरावीत होते तेव्हाची. ती कापसाची वाईट वर्षं होती. बाबा कापसाचे ग्रेडर होते. ढिगातला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा आणि धागा केवढा आहे, माल कुठल्या दर्जाचा आहे ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्या वर्षी खरेदी केंद्र कधी उघडणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा घरीच असत आणि हाताच्या सवयीनं उशीतला कापूस काढून ओढून बघत.

“हा माल काही खरा नाही,” ते आईला सांगत.

“मग झोपू नका त्यावर,” आई म्हणे.

नवरात्र आलं तेव्हा बाजार थंडच होता. वर्गणी मागायला दारात जायची मंडळाच्या पोरांनाच लाज वाटत होती. कॉलनीची देवी बसली, पण रोषणाईची कमान नाही, हलता देखावा नाही. नुसता कापडी मंडप आणि त्यासमोर मोकळं मैदान. यवतमाळचे देखावे बघून आलेली माणसं आमच्या मंडपासमोरून जाताना चाल वाढवत. ते समोरच्या काकूंना सहन झालं नाही.

समोरच्या काकू म्हणजे आमच्या घरासमोर राहणाऱ्या, महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्या हातात माइक दिला की पहिल्या रांगेतले लोक खुर्च्या मागे सरकवत. त्यांनी दुपारी मंडपात बायकांची बैठक घेतली.

“लायटिंग नाही तं नाही. आपन रांगोळी काढू. अशी मोठी, का नेरमंदी कोनं पाह्यली नसंन. अष्टमीच्या आरतीले तयार पाह्यजे.”

“आखणार कोण एवढी?” कोणीतरी विचारलं.

“आमची मुलगी आखेल ग्राफ पेपरवर,” आई म्हणाली.

मी आईच्या पाठीमागेच बसले होते. आणखी मागे सरकायला जागा नव्हती, मागे मंडपाचं कापड होतं.

काकूंना ‘एकशे एक ते एकावन्न’ हवी होती, आकडे शुभ म्हणून. दोन ठिपक्यांत अर्ध्या वितीचं अंतर ठरलं. मैदान मोजलं तर मंडपाच्या बांबूपाशी नेमकी एक वीत जागा कमी पडली. काकू हळहळल्या. मला मात्र मनातून बरं वाटलं, कारण मी रात्रीच हिशेब करून पाहिला होता. त्या रांगोळीत सात हजार सहाशे एकावन्न ठिपके झाले असते आणि ती संख्या सातानं फुटते. एक वीत कमी केल्यावर झाली ‘नव्व्याण्णव ते पन्नास’. सात हजार तीनशे एकावन्न.

ही संख्या मी एस.टी.त घेऊन बसले. शहाऐंशीचा वर्ग तिच्या पुढे जातो, म्हणून त्र्याऐंशीपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे. जाताना एकेचाळीसपर्यंत पोचले, येताना उरलेल्या संपवल्या. एकीनंही भाग गेला नाही. उतरताना माझा चेहरा कसा होता कोण जाणे, कंडक्टरनं विचारलं, “रिझल्ट लागला का?”

पुढे कॉलेजात कळलं की एवढी मेहनत करायची गरज नव्हती. या सहाकोनी रांगोळ्यांच्या संख्यांना दोन, तीन, पाच, अकरा अशा कितीतरी संख्या कधीच भागू शकत नाहीत. सहानं भागल्यावर एक उरतो अशाच मूळ संख्या तपासायच्या: सात, तेरा, एकोणीस, एकतीस आणि पुढच्या. आणि अशा मूळ रांगोळ्या कुठेतरी संपतात की कायम सापडतच राहतात, हे अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. म्हणजे तेव्हा मला जे माहीत नव्हतं, त्यातलं निम्मं जगालाही माहीत नव्हतं.

दुसरी बैठक कामाच्या वाटणीसाठी होती. ही बैठक काकूंना फार जपून घ्यायची होती. आदल्या वर्षी महाप्रसादाच्या पोळ्या लाटताना एका गल्लीला जास्त कणीक आली, एवढ्यावरून दोन गल्ल्या दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या. कॉलनीत गल्ल्या पाच. काकूंनी मुलाचा मोबाइल मागवला, त्यावर सात हजार तीनशे एकावन्नला पाचानं भागलं आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला.

“चौदाशे सत्तर पॉइंट दोन. हे पॉइंट दोन कायचं?”

“ठिपक्याचा पाचवा हिस्सा असंन,” तिसऱ्या गल्लीतली एक आत्या म्हणाली.

“तो कसा काढू, सुईनं?” काकूंनी दहानं भागून पाहिलं. “पॉइंट एक.” मग तिनानं. “अवं, हे तं थांबूनच नाही राह्यलं! तीन तीन तीन तीन. काहून वं पोट्टे, तुहं मोजनं चुकलं.”

मोजणं चुकलं हे मला लागलं. मी आईच्या कानाशी पुटपुटले.

“ती म्हणते, ही मूळ संख्या आहे,” आईनं जाहीर केलं. “कशानंही वाटली जात नाही.”

“मूळ नक्षत्रावरची हाय का? मंग शांती करा लागंन!” काकू म्हणाल्या आणि मंडप हसला. मग त्यांनी निकाल दिला. “एका ठिपक्यानं काय होते? कोपऱ्यातला एक कमी करून टाकू. सात हजार तीनशे पन्नास. हरेक गल्लीले चौदाशे सत्तर. ना कमी ना जास्ती. झालं!”

सगळ्यांनी माना हलवल्या. आणि मला ती रांगोळी दिसली, उंदरानं कोपरा कुरतडलेल्या पापडासारखी. पाच कोपरे धड आणि एक खाल्लेला. अष्टमीला सगळं नेर ती बघणार होतं. मी गप्प राहिले असते तर कोणालाही कळलं नसतं की त्या जागी काय असायला हवं होतं. बोलले असते तर एवढ्या सगळ्या बायका एकदम माझ्याकडे वळून बघणार होत्या. मी ती, जी हजेरीला “येस मिस” म्हणायची तेही मिसला दोनदा विचारावं लागायचं.

“कोपऱ्यातला नको,” मी म्हणाले.

कोणालाच ऐकू आलं नाही. आई मात्र बाजूला सरकली. एवढंच केलं तिनं. माझ्यासमोरची तिची पाठ नाहीशी झाली.

“काकू, कोपऱ्यातला नको. मधला.”

आता त्या वळल्याच. “मधला काढून टाकू? मधोमध भोक ठेवू?”

“काढायचा नाही. वेगळा ठेवायचा. तो कोणाच्याच वाट्याचा नाही. मग त्याच्याभोवती सहा त्रिकोण होतात. पहिल्या ओळीत एक ठिपका, दुसरीत दोन, तिसरीत तीन, असं फॉर्टी-नाइनपर्यंत. सगळे सारखे. प्रत्येकाचे ट्वेल्व्ह ट्वेंटी-फाइव्ह.”

“बाराशे पंचवीस,” आईनं मराठीत सांगितलं.

बाराशे पंचवीस म्हणजे पस्तीस गुणिले पस्तीस. तेवढेच ठिपके त्रिकोणातही चपखल बसतात आणि चौकोनातही. असं फार थोड्या संख्यांचं होतं. हे मी सांगितलं नाही. एका दिवसासाठी पुष्कळ बोलले होते.

काकू विचारात पडल्या. “म्हंजे एकून किती होते म्हनलं?”

“सेव्हन थाउजंड थ्री हंड्रेड फिफ्टी वन.”

“मराठीत सांग वं बाई.”

मराठीतले पन्नासच्या पुढचे आकडे माझ्या तोंडात नेहमी एकमेकांना धडकत. मी आईकडे बघितलं. “सात हजार तीनशे एकावन्न,” आई म्हणाली.

“एकावन्न!” काकूंचा चेहरा उजळला. कॅल्क्युलेटरवर त्यांनी ती संख्या तीनदा दाबली होती, पण कानांनी आता ऐकली. “अवं, मंग आदीच सांगाव ना! हा तं वरचा एक हाय. लग्नात पन्नास देते का कोनी? पन्नास दिले तं वाटले जाते. एकावन्न दिले तं जोडी फुटत नाही.”

“पण एकावन्न तिघांत वाटता येतात,” माझ्या तोंडून निघून गेलं. “सतरा-सतरा.”

“लग्नात तिसरं कोन येते वं?” काकू म्हणाल्या.

हसण्याचा असा फुगा फुटला की बाहेर खुर्च्या पुसणारी मंडळाची पोरं आत डोकावली. मी बोललेल्या वाक्यावरून इतकी माणसं हसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मी खाली बघत होते, पण मलाही हसू येत होतं.

“थांबा,” ती तिसऱ्या गल्लीतली आत्या म्हणाली. “त्रिकोण सहा. गल्ल्या पाच. सहावा त्रिकोण कोनाचा?”

हसणं थांबलं. पोळ्यांची कणीक सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. काकू मोबाइलकडे बघत राहिल्या.

“आमच्याकडे गल्ली नाही,” मागून आवाज आला. “नाला आहे. चालेल का?”

चपला काढतात तिथे, मंडपाच्या अगदी कडेला, एक वहिनी बसली होती. नाल्यापलीकडच्या नव्या प्लॉटांवर तांड्यावरून आलेल्या बंजारा लोकांनी घरं बांधली होती, मुलांच्या शाळेसाठी, नोकरीसाठी. ही वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. दोन्ही बैठकांना ती आली होती, सासूला घेऊन. बोलावलं कोणी नव्हतं आणि नको असंही कोणी म्हटलं नव्हतं. नाल्यापलीकडे कॉलनी आहे की नाही, हे त्या दिवसापर्यंत ठरवायची वेळच आली नव्हती.

काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “किती जनी हाव तुमी?”

“हव्या तितक्या. पण पोळ्या लाटायला नाही येणार, सांगून ठेवते.”

“गेल्या साली आल्या असत्या तं भांडन तरी सहा जागी वाटलं गेलं असतं,” काकू म्हणाल्या. सहावा त्रिकोण नाल्याचा झाला.

अष्टमीला सकाळी मैदान सारवलं. मधोमध एक लांब खिळा ठोकून त्याच्या माथ्याभोवती सहा दोऱ्या दुहेरी अडकवल्या आणि त्यांची दोन्ही टोकं सहा कोपऱ्यांपर्यंत जमिनीपासून जरा वर ताणली. दोरीखालचे ठिपके तिच्या उजव्या हाताच्या त्रिकोणाचे, म्हणजे कोणी दुहेरी मोजायला नको. ठिपके जोडायचे नव्हते. एवढ्या रांगोळीत पुन्हा शिरणार कुठून? म्हणून नुसते रंगीत ठिपके, चिमटी-चिमटीनं. रंग कुठे बदलायचा ते मी आखून दिलं होतं. प्रत्येक गटानं खिळ्यापासून सुरुवात केली आणि बायका उकिडव्या बसून मागे मागे सरकत बाहेर आल्या. काढून झालेल्या जागी कोणाचा पाय पडू नये म्हणून. ही युक्ती माझीच होती आणि मला तिचा अभिमान होता.

दिवसभर चेष्टा चालली होती. दुसऱ्या गल्लीचे ठिपके मोठे म्हणून पहिली हसली. “ठिपके हायेत का थालीपीठं?” वहिनीची सासू त्यांच्या गोरबोलीत काहीतरी गुणगुणत सगळ्यांच्या पुढे निघून गेली होती आणि उरलेल्या पाच गटांना मागे वळून मान डोलावून दाखवत होती. बाबा दुरून बघायला आले, वाकून एक चिमूट रांगोळी घेतली आणि दोन अंगठ्यांत धरून ओढू लागले. मग लक्षात आल्यावर हात झटकून निघून गेले.

उन्हं उतरली तेव्हा शेवटच्या ओळी पूर्ण झाल्या. दोऱ्यांचं एकेक टोक सोडून त्या वरच्या वर अलगद ओढून घेतल्या. सहा बाजू, सहा कोपरे, सगळे धड. आतून बाहेर जाणारी रंगांची कडी. मंडपाच्या स्टेजवर चढून बायका बघत राहिल्या.

“आता मधला,” काकू म्हणाल्या. “मानाचा. कोन देते?”

“तुम्हीच द्या काकू.” “नाही नाही, तुमच्या गल्लीनं द्या.” “वहिनी, तुम्ही द्या.” असा आग्रह सुरू झाला आणि बराच चालला. मग एकेकीचा आवाज खाली येत गेला. मधे खिळा तसाच उभा होता आणि त्याच्याभोवती सगळीकडून ठिपकेच ठिपके. आम्ही सगळ्या मागे मागे सरकत बाहेर आलो होतो. आत जायला वाट कोणीच ठेवली नव्हती. मीही नाही.

“आता गं बाई!” काकू म्हणाल्या.

शिडी आडवी टाकावी, असं एक जण म्हणाली. शिडी निम्म्यातही पोचत नव्हती. बांबूला रांगोळीची पुडी बांधून लांबून टाकावी, असं दुसरी म्हणाली. “आन् खिळा कोन काढंन, फुंकर मारून?” आतमध्ये पुजारीबुवा घंटा पुसत होते. आरतीला माणसं जमू लागली होती आणि त्या मोठ्या सुंदर रांगोळीच्या मधोमध गंजका खिळा दिसत होता.

ओळींच्या मधून जेमतेम पंजा मावेल इतकी जागा होती. “लहान पाय कोनाचे?” काकूंनी विचारलं आणि बायका ओळीनं पाय पुढे करून उभ्या राहिल्या, जोडव्यांसकट. पाय मोजता मोजता सगळ्या हसायला लागल्या. वहिनीची सासू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. वहिनी फिस्सकन हसली.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“म्हणते, हिला पाठवा. हिच्या पायांना पण आवाज नाही.”

नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत काकूंनी माझ्या मुठीत पांढरी रांगोळी कोंबली होती. मी चपला काढल्या, ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि नाल्याच्या त्रिकोणातून, दोरी होती तिच्या शेजारच्या मोकळ्या पट्टीतून, चवड्यांवर आत शिरले. लोक बघत होते. बाहेरचं कडं दोनशे चौऱ्याण्णव ठिपक्यांचं. पुढचं सहानं कमी, दोनशे अठ्ठ्याऐंशी. मग दोनशे ब्याऐंशी. प्रत्येक पावलाला मनात सहा वजा करत गेले. डोळे वर केले नाहीत. संख्या लहान होत गेल्या तशी पावलं सुटी पडू लागली. अठरा. बारा. सहा. वाकून खिळा हलवला, तो सहज निघाला. भोक मातीनं बुजवलं आणि वर चिमूटभर पांढरं ठेवलं.

तेवढ्यात पुजारीबुवांनी घंटा वाजवली आणि आरती सुरू झाली.

आरती चालू असताना हलायचं कसं? सगळे हात जोडून उभे होते, तशी मीही राहिले, पण मैदानाच्या बरोबर मधोमध, चवड्यांवर, एका मुठीत खिळा. देवीसमोर मी आणि माझ्याभोवती अख्खी कॉलनी. लपायला कोणाची पाठ नव्हती. दुसऱ्या आरतीपर्यंत पोटऱ्या थरथरायला लागल्या. तिसरीला मी एक पाय उचलून धरला. हळूच वर बघितलं तर आई हसत होती, बाबा टाळी विसरून रांगोळीकडे बघत होते आणि नाल्याच्या बाजूला वहिनी मला मानेनंच ताल देत होती.

आरती संपली. काकूंनी रांगोळीच्या कडेवरून माइकशिवायच हाक मारली. “झाले का वं पूर्ण? किती?”

इतकं लांबून पुटपुटून भागणार नव्हतं.

“सात हजार तीनशे एकावन्न!” मी ओरडले. एकही आकडा धडकला नाही.

“वाटले जातीन का कोनाच्यात?”

“नाही!”

सहाही बाजूंनी हसू आलं. काकूंनी प्रसादाच्या ताटातला एक पेढा उचलला, नेम धरला आणि फेकला. तो मी एका पायावर झेलला. पेढ्याला त्यांच्या बोटांची निळी रांगोळी लागली होती. फुंकर मारून मी तो तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. बाहेर पोरं ओरडत होती, “ताई, ये आता, जागा दाखवतो!” पण मला काही घाई नव्हती.